शिंगराची मान थरथरते. दोष घोडीत की घोड्यात?

प्रश्न : आमच्या अरबी घोडीचं शिंगरू तीन महिन्यांचं आहे. दूध प्यायला तोंड पुढे केलं की डोकं थरथरतं, चालताना पुढचे पाय गरजेपेक्षा उंच पडतात. हा सेरेबेलर अबायोट्रॉफी हा आनुवंशिक आजार असेल का? आई-बाप दोघंही ठणठणीत आहेत. घोडी पुन्हा त्याच घोड्याकडून फळवायची आहे.

उत्तर : लक्षणं त्याच आजाराकडे बोट दाखवतात. यात जन्मानंतर लहान मेंदूतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पुर्किंजे पेशी मरत जातात आणि बहुधा ६ आठवडे ते ४ महिने या वयात ते दिसू लागतं. शिंगरू स्वस्थ उभं असताना मान शांत, पण कशाकडे तोंड नेलं की थरथर सुरू. डोळ्यांसमोर एकदम हात नेला तर दिसत असूनही पापणी मिटत नाही. मात्र मानेला मार लागला किंवा मज्जारज्जू दबला तरी चाल बिघडते, म्हणून पशुवैद्याची तपासणी आणि जनुक-तपासणी दोन्ही करा. या आजारावर उपचार नाही.

नमुन्यासाठी शेपटीचे २० ते ३० केस मुळासकट हवेत. थोडे थोडे केस कातडीजवळ बोटाला गुंडाळून झटक्यात ओढा आणि उजेडात धरून टोकाची पांढुरकी गाठ पाहा. डीएनए तिथूनच मिळतो, कापलेले केस वाया जातात. शिंगराचे केस नाजूक, मध्येच तुटतात. घाई करू नका. घोडीचे केस त्याच्या अंगाला चिकटलेले असतात, ते आधी झाडून टाका, नाहीतर अहवाल भलत्याचाच यायचा. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते. एका जनावराला एक पाकीट, नाव आधीच लिहून.

शिंगराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, म्हणजे आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, सदोष निघाल्या, तर आई आणि बाप दोघंही वाहक, म्हणजे एकेक सदोष प्रत बाळगणारे, आहेत. एकच सदोष प्रत असलेलं जनावर जन्मभर ठणठणीत राहतं, त्यामुळे नुसत्या तब्येतीवरून काहीच कळत नाही. अशी जोडी पुन्हा लावली तर दर खेपेला आजारी शिंगराची शक्यता चारात एक. कृपा करून ती लावू नका. घोडीला मात्र बाद करू नका. चांगलं रक्त असं फेकायचं नसतं. तपासून दोषमुक्त ठरलेला घोडा निवडा, शिंगरू आजारी होणार नाही. ते वाहक निघण्याची शक्यता निम्मी, म्हणून पैदाशीआधी त्याचीही तपासणी हवी.

प्रश्न : याच जोडीची चार वर्षांची निरोगी मादी आहे. तिचं काय?

उत्तर : शिंगराचा आजार तपासणीत पक्का झाला, तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. फळवण्याआधी तिचेही केस पाठवा.