ऑस्ट्रियन जर्मनला 'बोली' म्हणावं का?

विचारणा अशी आहे: जर्मनी आणि ऑस्ट्रिया, दोन्हीकडे जर्मनच चालते. मग ऑस्ट्रियातल्या भाषेला 'जर्मनची ऑस्ट्रियन बोली' म्हटलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते 'बोली' या शब्दात. दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे खरंच आहे. पण हे बारा कोस देशांच्या सीमा बघून पडत नाहीत. जर्मनीतलं म्युनिक आणि ऑस्ट्रियातली साल्झबुर्ग, व्हिएन्ना इथल्या जुन्या बोली एकाच बायरिश कुळातल्या आहेत. उलट ऑस्ट्रियाच्याच पश्चिम टोकाला फोरआर्लबर्ग प्रांतात अलेमानिश कुळातली बोली चालते. ती शेजारच्या स्विस लोकांना सहज कळते आणि व्हिएन्नाच्या माणसाच्या मात्र डोक्यावरून जाते. तेव्हा अख्ख्या ऑस्ट्रियाची मिळून एक बोली नाहीच मुळी.

सीमेवर बदलते ती प्रमाणभाषा. साल्झाख नदीच्या दोन काठांवरची लाउफेन आणि ओबर्नडॉर्फ ही गावं घ्या. 1816 पर्यंत हे एकच गाव होतं. नेपोलियनच्या युद्धांनंतर नकाशा नव्याने आखला गेला, नदी हीच सीमा ठरली, लाउफेन बव्हेरियात, म्हणजे आजच्या जर्मनीत राहिलं आणि ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात गेलं. बोली दोन्हीकडे एकाच घराण्यातली. जानेवारीला 'येनर' म्हणणारे बव्हेरियातही सापडतात. पण तिथे हा शब्द बोलण्यापुरता. सरकारी अर्जावर 'यानुआर'च लिहायचं. पूल ओलांडून ऑस्ट्रियात आलात की अर्जावर, कायद्यात, बातम्यांत सगळीकडे 'येनर'. शब्द तोच, पण एका काठावर तो बोलीतला आणि दुसऱ्या काठावर प्रमाण. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं उत्तर या एका शब्दात आहे. शब्दाचा दर्जा त्याच्या अंगचा नसतो. तो शाळा, कचेऱ्या आणि कोश देतात, आणि त्यांची सत्ता देशाच्या हद्दीपर्यंतच चालते. ऑस्ट्रियाने आपला स्वतंत्र अधिकृत कोश 1951 मध्येच काढला.

अशा भाषेला अभ्यासक 'बहुकेंद्री' म्हणतात. भाषा एक, प्रमाणरूपं अनेक. स्वित्झर्लंडचं तिसरं: तिथे लिहिताना जर्मनचं ते खास 'एस-त्सेट' (ß) अक्षर वापरतच नाहीत, सरळ दोन 'एस' लिहितात.

ऑस्ट्रियाला या वेगळेपणाचा अभिमान किती, ते 1995 मध्ये युरोपीय संघात जाताना दिसलं. प्रवेशाच्या करारालाच एक पुरवणी जोडून घेतली: संघाच्या जर्मन भाषेतल्या कायद्यांत 23 ऑस्ट्रियन शब्दांना जर्मनीतल्या शब्दांइतकाच मान. हे 23 शब्द कुठले? सगळे खाण्यापिण्याचे! बटाट्याला 'कार्टोफल'च्या बरोबरीने 'एर्डआप्फल', जर्दाळूला 'अप्रिकोझं'च्या बरोबरीने 'मारिलं'. टोमॅटोचा 'पारादायझर'ही त्यात आहे, आणि गंमत अशी की पश्चिम ऑस्ट्रियातले कित्येक लोक स्वतः 'टोमाटं'च म्हणतात.

जिथे शब्द वेगळा असतो तिथे निदान विचारता तरी येतं. फसवतात ते दिसायला सारखे असलेले शब्द. 'झेसल' म्हटलं की जर्मनीत गुबगुबीत आरामखुर्ची डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रियात ती साधी खुर्ची. भाषांतर करणाऱ्याने लेखक कुठल्या देशातला हे आधी बघावं, नाहीतर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चार आरामखुर्च्या मांडून ठेवायचा.

फरक भाषेपुरताच नाही, रीतिरिवाजांतही आहे, आणि तो नावांत सगळ्यात ठळक दिसतो. 1919 मध्ये दोन्ही देशांनी सरदारकी रद्द केली. जर्मनीने आडनावाआधीचा सरदारकी दाखवणारा 'फॉन' आडनावाचाच भाग म्हणून राहू दिला, ऑस्ट्रियाने तो कायद्याने काढून टाकला. तरी ऑस्ट्रियात बिरुदांची हौस जर्मनीपेक्षा जास्तच. 'हेर डॉक्टर', 'फ्राउ मागिस्टर' अशा हाका तिथे अजून ऐकू येतात. सरदारकी गेली, तिची जागा पदव्यांनी घेतली, असा माझा आपला तर्क.

तेव्हा लिहिताना 'ऑस्ट्रियन जर्मन' किंवा 'ऑस्ट्रियातली प्रमाण जर्मन' असं लिहा. 'बोली' हा शब्द खरोखर बोलीबद्दल लिहिताना वापरा, आणि तेव्हाही ती व्हिएन्नाची, टिरोलची की फोरआर्लबर्गची, हे सांगा.