'खळांची व्यंकटी' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे की पसायदानातल्या 'जे खळांची व्यंकटी सांडो' (खळ म्हणजे दुष्ट) मधली व्यंकटी म्हणजे काय आणि तिचा व्यंकटेशाशी काही संबंध आहे का.

अजिबात नाही. तो वेंकट म्हणजे डोंगराचं नाव, आणि ही व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, कुटिलपणा. (शाळेत प्रार्थनेला मला कित्येक वर्षं वाटायचं की व्यंकटी नावाची कोणी बाई आहे आणि ती काहीतरी सांडतेय, हसू नका.) 'सांडणे' पण इथे दूध सांडतं तसं नाही, जुन्या मराठीत त्याचा अर्थ टाकणं, सोडून देणं, आपल्या सांडपाण्यात अजून थोडा शिल्लक आहे बघा.

पण मला विचाराल तर खरी गंमत त्या 'ची' प्रत्ययात आहे. खळ सांडो असं म्हटलेलंच नाहीये, खळांची व्यंकटी सांडो म्हटलंय, म्हणजे माणूस राहू दे, वाक तेवढा जाऊ दे, आणि लगेच पुढे 'तयां सत्कर्मीं रती वाढो', म्हणजे त्यांना चांगल्या कामाची ओढ वाढो, आता हे 'तयां' कोण तर तेच खळ! तेच संपले तर रती वाढणार कोणाची? दुष्टपणा ही काही त्या माणसाची जात नाही, सरळ गोष्टीला आलेला बाक आहे, हे सगळं दोन चरणांच्या व्याकरणात बसवलंय. पुढच्याच ओवीतलं 'दुरित' पण याच वळणाचं, दुर् + इत, वाईट वाटेला गेलेलं. आणि तेही 'तिमिर' म्हणून येतं, अंधाराला कोणी मारत नाही ना, सूर्य उगवला की झालं.

आता कोणी म्हणेल ज्ञानेश्वर माऊली मवाळच होते, तर तसंही नाही हं. गीतेतल्या 'विनाशाय च दुष्कृताम्' (दुष्टांच्या नाशासाठी) वर ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात 'दैत्यांचीं कुळें नाशीं' असं स्पष्ट आहे, पण ते देव स्वतःच्या कामाबद्दल बोलतोय. शके 1212 मध्ये ग्रंथ पुरा करताना स्वतः काही मागायची वेळ आली तेव्हा मात्र नाश मागितला नाही. तुकोबा वेगळे, ते दयेच्या व्याख्येतच 'निर्दळण कंटकांचें', म्हणजे दुष्टांचा नाश, घालतात, आणि नाठाळाच्या माथ्यात काठी तर सगळ्यांना पाठच आहे.

आणि हो, लिहिताना व्यंकटीच लिहा, वैंकटी नको.