कान्ह्याची पुस्तकं: आधी साल बघा (झाड नव्हे, वर्ष)

प्रश्न थोडक्यात असा: कान्ह्याला, म्हणजे मध्य प्रदेशातल्या राष्ट्रीय उद्यानात, जायला दोन महिने आहेत. हाताशी एक जाडजूड छायाचित्रांचं पुस्तक, एक जुनं शिकाऱ्याचं आणि वाघांवरची दोन. त्यातल्या एकात देशातले वाघ 3,642 तर दुसऱ्यात 1,411. खरं कुणाचं, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची?

आधी आकडे. दोन्ही सरकारीच आहेत. 3,642 हा 2001-02 च्या गणनेतला, पंजांच्या ठशांवरून काढलेला. मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर गिरवायचा किंवा प्लास्टरमध्ये उचलायचा, आणि त्याच्या आकारावरून वाघ ओळखायचा, अशी ती पद्धत. ओल्या मातीत ठसा पसरतो, भुरभुरीत धुळीत कडा ढासळतात, मग एकाच वाघाचे कागदावर दोन-तीन होतात. 1,411 हा 2006 च्या अंदाजातला, जाहीर झाला 2008 मध्ये. इथे कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेल्या, आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोत पट्टे जुळवून वाघ ओळखले, आणि कॅमेरे नव्हते तिथला हिशोब खुणा, भक्ष्य आणि जंगलाची स्थिती यांवरून सांख्यिकीने मांडला. म्हणूनच त्याच्यासोबत 1,165 ते 1,657 असा पल्ला दिलेला असतो, आणि सुंदरबन त्यात धरलेलंच नाही. तेव्हा वजाबाकी करून ‘चार-पाच वर्षांत 2,231 वाघ संपले’ असं लिहिणारं पुस्तक दिसलं, तर त्यातले बाकीचे आकडेही जपून घ्या. वाघ कमी झाले होते यात वाद नाही. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही उरला नसल्याचं 2005 मध्ये उघड झालं होतं. पण दोन वेगळ्या मापांची वजाबाकी होत नाही.

याच्या उलट टांझानियातलं सेरेंगेटी उद्यान. 1950 च्या दशकाच्या शेवटी ग्झिमेक या जर्मन प्राणीशास्त्रज्ञ पितापुत्रांनी विमानातून मोजले तेव्हा विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे मोठे आफ्रिकी हरणवर्गीय प्राणी) लाखाच्या घरात भरले. 1970 च्या दशकाच्या शेवटी तेच 13 लाखांच्या आसपास होते. इथे मोजण्यातल्या सुधारणेने एवढी तफावत पडत नाही, वाढ खरीच झाली. भोवतालच्या गुरांना लस टोचल्यामुळे बुळकांडी हा गुरांकडून पसरणारा रोग हटला आणि विल्डबीस्टची वासरं जगू लागली. म्हणजे आकडा दिसला की दोन गोष्टी विचारायच्या: कोणत्या साली मोजलं आणि कसं मोजलं. पुस्तकात दोन्ही नसतील तर तो आकडा सोडून द्या.

आता पुस्तकाचं साल. मुखपृष्ठ उलटल्यावर शीर्षकपानाच्या मागे बारीक अक्षरात असतं ते. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे आतला मजकूर जुनाच, फक्त कागद नवा. ‘सुधारित आवृत्ती’ लिहिलं असेल तरच काही बदललं असण्याची शक्यता, आणि तेव्हाही प्रस्तावनेत काय बदललं ते सांगितलंय का बघा. तिसरं साल छापलेलं नसतं, ते शोधावं लागतं: निरीक्षणं कधीची? कॉर्बेटचं कुमाऊंमधल्या नरभक्षकांचं पुस्तक 1944 चं, पण चंपावतची वाघीण त्याने मारली 1907 मध्ये. मध्ये 37 वर्षं गेली. शिवाय चंपावत आजच्या कॉर्बेट उद्यानात येतही नाही. ते पुस्तक ‘उद्यानाचं वर्णन’ म्हणून वाचणाऱ्यांचा हमखास गोंधळ इथेच होतो.

कान्ह्यापुरतं सांगायचं तर तीन पुस्तकं सालाच्या क्रमाने लावा: फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं (1871), डनबार ब्रँडरचं मध्य भारतातल्या वन्य प्राण्यांवरचं (1923) आणि शॅलरचं हरीण आणि वाघ यांवरचं (1967, निरीक्षणं 1963 ते 1965 ची). आणि तिन्हींतून फक्त बारशिंगा या हरणाचा माग काढा. वाघ राहू दे बाजूला, तो सगळीकडे भेटतो. फोर्सिथकडे बारशिंगा सालवनाच्या पट्ट्याशी जोडलेला दिसेल. ब्रँडर बंजार खोऱ्यातल्या जनावरांची तुलना थेट आफ्रिकेशी करतो. पुढे या मध्य भारतातल्या, कडक जमिनीवरच्या बारशिंग्याच्या उपजातीला शास्त्रीय नावात त्याचंच नाव मिळालं, ब्रँडेरी. शॅलर येईपर्यंत कळप आटत आलेले. 1970 च्या मोजणीत कान्ह्यात उरले 66.

का, याचं उत्तर शॅलर आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून मिळतं. बारशिंगा जवळजवळ फक्त गवत खातो. चितळासारखा पानं-फळांवर दिवस काढत नाही. आणि पाडस लपवायला त्याला उंच गवत लागतं. तेच गवत दरसाल जाळलं गेलं आणि गुरांनी खाल्लं, तर चितळ टिकतं आणि बारशिंगा जातो. आता छायाचित्रांचं पुस्तक उघडा. धुक्यातलं ते सोनेरी ‘नैसर्गिक’ मैदान म्हणजे पुष्कळदा एखाद्या उठवलेल्या गावाची शेतं असतात. सोंफ गाव 1969 मध्ये हलवलं, तिथे आज सोंफचं मैदान आहे. अशी मैदानं आपोआप टिकत नाहीत, झुडपं उपटत राहावी लागतात. फोटोच्या ओळींत हे क्वचितच येतं.

क्षेत्रफळाचाही फास आहे. शॅलरच्या वेळचं उद्यान होतं सुमारे 318 चौरस किलोमीटर, आजचं 940. त्याच्या पुस्तकातली संख्या आणि आजची संख्या शेजारी ठेवण्याआधी दोन्हींना क्षेत्रफळाने भागा.

शिकाऱ्याचं पुस्तक टाकू नका, पण त्याची भाषा उलगडून घ्या. ‘बायसन’ म्हणजे गवा. ‘पँथर’ म्हणजे बिबट्या, वेगळं जनावर नव्हे. वाघाची लांबी दोन प्रकारे मोजत. मेलेला वाघ सरळ ताणून नाकापाशी आणि शेपटीच्या टोकापाशी खुंट्या ठोकायच्या आणि खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं, ही एक. टेप अंगाच्या वळणांवरून फिरवायची, ही दुसरी. एकाच वाघात दोन्हींत चार-पाच इंचांचा फरक सहज पडतो. कोणती पद्धत ते सांगितलं नसेल तर ‘दहा फुटी’ वाघ मनातल्या मनात थोडा आखूड करा.

नावं बदलतात, म्हणून शास्त्रीय नावावर बोट ठेवून वाचा. पण तेही पक्कं नाही. बारशिंगा जुन्या पुस्तकांत सर्व्हस डुवॉसेली, नव्यात रुसर्व्हस डुवॉसेली. नावातला दुसरा शब्द तोच राहिला, पहिला बदलला. सूचीत सापडला नाही तर दुसऱ्या शब्दावरून शोधा. आणि सूचीच नसलेलं पुस्तक संदर्भासाठी निरुपयोगी, कितीही देखणं असो.

इतिहासाचं पुस्तक निवडताना एकच कसोटी लावतो: तिथे आधी कोण राहत होतं याला स्वतंत्र प्रकरण आहे का? अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाचा इतिहास ते स्थापन करणाऱ्या 1872 च्या कायद्यापासून सुरू करून ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हणणारं पुस्तक अर्धवट आहे. शोशोनी या मूळ अमेरिकन लोकांतले तुकुदिका तिथे राहत होते, आणि 1877 मध्ये नेझ पर्स हे दुसरे मूळ अमेरिकन लोक अमेरिकी सैन्याला चुकवत त्याच उद्यानातून गेले. सेरेंगेटी वाचवा म्हणणारं ग्झिमेकांचं गाजलेलं पुस्तक 1959 चं. त्याच वर्षी शेजारचा एन्गोरोन्गोरो भाग वेगळा काढून तिथल्या पशुपालक मसाई लोकांना सेरेंगेटीबाहेर जावं लागलं. दोन्ही गोष्टी एका पुस्तकात सापडणं कठीण, म्हणून दोन पुस्तकं लागतात. कान्ह्याबद्दल वाचताना तिथले बैगा आणि गोंड आदिवासी फक्त ‘वाटाड्या’ म्हणूनच येत असतील, तर तेही असंच अर्धं समजा.

यलोस्टोनवरून आणखी एक. लांडगे 1995 आणि 1996 मध्ये परत आणले, त्यांनी एल्क (मोठी हरणं) कमी केले, काठची झाडी वाढली आणि नद्यांनी वळण बदललं, ही गोष्ट लोकप्रिय पुस्तकांत फार गोळीबंद येते. नंतरच्या संशोधनात चित्र इतकं साधं राहिलेलं नाही. जिथे बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी) गेले आणि ओढ्याकाठचं भूजल खाली उतरलं, तिथे एल्क कमी होऊनही पाण्याकाठची विलोची झुडपं हवी तशी वाढली नाहीत.

ओळखपुस्तिका एकच घ्या, छोटी. दुकानात पारख करायला माहितीचा पक्षी काढा, उदाहरणार्थ शिक्रा. नर, मादी, अवयस्क तिन्ही चित्रं आहेत का, चित्र आणि मजकूर समोरासमोर आहेत का, नकाशा आहे का? चित्र पान 40 वर आणि मजकूर 210 वर असेल तर जिप्सीत ती उघडली जाणार नाही. दुर्बिणीच्या पट्ट्यासोबत पेलवत नसेल इतकी जड असेल तर तीही घरीच राहते.

क्रम असा ठेवा. पहिले पंधरा दिवस ओळखपुस्तिका चाळा, पाठ करायची नाही, फक्त कुळं नजरेत बसू द्या. मग भूप्रदेश: साल कुठे, साग कुठे, बंजार आणि हालोन कुठून वाहतात. साल जवळपास हिरवाच राहतो, साग उन्हाळ्याआधी पानं टाकून उघडा पडतो. कुठल्या महिन्यात कुठे किती आत दिसेल हे त्यावर ठरतं. नंतर शॅलर, सावकाश. त्यातले तक्ते वगळले तरी चालतील, पण वाघाच्या विष्ठेतले केस तपासून भक्ष्य कसं ओळखलं तो भाग वगळू नका. त्यानंतर ब्रँडर आणि फोर्सिथ. छायाचित्रांचं पुस्तक शेवटी. तेव्हा त्यात पेन्सिलीने प्रत्येक फोटोखाली महिना लिहायचा प्रयत्न करा: गवताची उंची, सालाची पालवी आणि बारशिंग्याच्या शिंगांवरची मखमल बघून. जमलं नाही तर भूप्रदेशाचं पुस्तक पुन्हा उघडा.