पाच भाषांचं वेळापत्रक आधी फाडा

आपलं पत्र मिळालं. लेक संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता कोड एआयच लिहितं, म्हणून तुम्ही तिला सहा महिन्यांत पाच प्रोग्रॅमिंग भाषांचं वेळापत्रक आखून दिलंत आणि रोज रात्री तिच्या गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, काम केलेल्या दिवसांचे हिरवे चौकोन मोजता. शेवटी जाता जाता लिहिलंत, 'हल्ली ती लॅपटॉप उघडायचंच टाळते.' मला घोर लागला तो या ओळीने. हिरवा चौकोन एक स्वल्पविराम बदलूनही उमटतो. तुम्ही मोजत राहिलात तर ती तेवढंच करायला शिकेल. मोजणी आजच थांबवा.

'दहा वर्षांनी कोणती भाषा टिकेल?' या तुमच्या प्रश्नातच गफलत आहे. फोर्ट्रान या जुन्या भाषेमुळे कोडिंग आणि डीबगिंग (चुका शोधून काढणं) जवळपास संपेल, असं १९५४च्या तिच्या प्राथमिक अहवालातच म्हटलं होतं! संपलं काहीच नाही. रस्ट ही तुलनेने नवी भाषा, तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ची. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) तिला जागा मिळाली २०२२च्या अखेरीस, तीही जुन्या सी भाषेला हटवून नव्हे, सीच्या शेजारी. रस्ट मेमरीच्या बऱ्याच चुका कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच, अडवते, हे खरं. हिशेबातल्या चुका मात्र भाषा बदलून जात नाहीत. लेकीला पायथन भाषेत ०.१ + ०.२ करून बघायला सांगा. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही हेच, कारण ०.१ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही. एआयने बिलाच्या कोडमध्ये रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अशा बायनरी अपूर्णांकात, ठेवली, तर कोड चालतो, वरवरच्या चाचण्याही पास होतात आणि महिनाअखेरीस हिशेबात फरक निघतो. रक्कम पूर्णांकात किंवा डेसिमल या दशांश नेमके ठेवणाऱ्या प्रकारात ठेवायची, हे ज्याला कळतं त्याचं काम कुठे जात नाही.

तेव्हा वर्षभर एकच भाषा, जोडीला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). एआयकडून शंभर ओळी लिहून घ्यायच्या, मग एआय बंद करायचं आणि प्रत्येक ओळ का आहे ते कागदावर मांडायचं. मग कोड मोडायचा: रिकामी यादी द्या, ऋण संख्या द्या, तेच बटण दोनदा दाबा. मोडला की आधी ती चूक पकडणारी चाचणी लिहायची, दुरुस्ती नंतर. गिट बायसेक्टही शिकू दे. दर वेळी निम्मे बदल बाद करत ते हजार कमिटांमधला, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमधला, बिघाड दहाएक तपासण्यांत शोधतं.

पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं म्हणाल, तर ते शेवटच्या वर्षाच्या तोंडावर बघू. तिला स्वतःला काय आवडतं, याबद्दल मात्र तुमच्या पत्रात अक्षर नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि न वाचता पाठवा.