टायटॅनियमच्या स्क्रूला हाड धरतं ते कशामुळं?

तुमचा प्रश्न असा, की आईंच्या दाताच्या इम्प्लांटचा स्क्रू डॉक्टरांनी दाखवला तो चकचकीत नव्हता, करडा आणि खरबरीत होता, तर तो हलक्यातला आहे का, आणि धातूला हाड धरतं तरी कसं. मी कोल्हापुरात ह्याच विषयावर संशोधन करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हलक्यातला अजिबात नाही, उलट त्या खरबरीतपणाचेच पैसे आहेत. शिरोली एमआयडीसीत कास्टिंगवर शॉट ब्लास्टिंग मारतात ना, तसं स्क्रूवर बारीक कणांचा मारा करतात आणि मग ॲसिडमध्ये बुडवतात, त्यानं 1-2 मायक्रॉनचे खड्डे पडतात. हाडाच्या पेशींना एवढाच खडबडीतपणा मानवतो, ह्याच्या फार वर गेलं की जंतूंना बसायला जागा मिळते.

पण खरी गंमत पुढं आहे. पेशी थेट धातूला भिडतच नाही हो! टायटॅनियमवर हवेतच ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर चढलेला असतो, आणि रक्त लागलं की काही सेकंदात त्यावर प्रथिनं येऊन बसतात, आधी अल्ब्युमिनसारखी भरपूर असलेली आणि मग त्यांना हटवून जास्त घट्ट धरणारी, पेशी येतात त्या नंतर, आणि त्या ह्या प्रथिनांनाच पकडतात. फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनात आरजीडी म्हणून तीन अमिनो ॲसिडचा तुकडा आहे, पेशीची पकड तिथं बसते, हे 1984 मध्ये सापडलं. म्हणजे पृष्ठभाग डिझाइन करायचा तो प्रथिनं त्यावर नीट, पकड उघडी ठेवून बसावीत म्हणून. रक्तात राहणाऱ्या वस्तूंचं नेमकं उलट, तिथं प्रथिनं चिकटूच नयेत म्हणून पीईजीसारखं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) पाणी धरून ठेवणारं कोटिंग देतात.

लॅबमध्ये नुकतंच ॲसिड मारलेल्या टायटॅनियमच्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकला की तो झटकन पसरतो, तीच चकती काही आठवडे उघडी राहिली की थेंब गोळा होऊन उभा राहतो. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण हवेतला सेंद्रिय मळ बसलेला असतो आणि प्रथिनं तिथं वेगळी बसतात. म्हणून काही कंपन्या स्क्रू मिठाच्या पाण्यातच पॅक करतात, आणि पाकीट ऐन वेळी फोडायचं, खरबरीत भागाला बोट लावायचं नाही.

स्वीडनच्या ब्रोनेमार्क ह्या डॉक्टरांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला बसवले ते स्क्रू साधे लेथवर कातलेले होते, तेव्हा हाड धरायला 3 ते 6 महिने थांबायचे, आता चांगल्या हाडात 6-8 आठवड्यांतही दात बसवतात. आईंना शुगर असेल तर मात्र आधी ती कंट्रोलमध्ये आणा, नाहीतर कितीही भारी स्क्रू घेतला तरी हाड भरायला वेळ लागतो.