सेपिया म्हणजे माकूल

प्रश्न असा आहे: देवगडच्या खाडीचं पोस्टकार्डाएवढं चित्र, सगळं एकाच तपकिरी रंगात. त्याला 'कृष्णधवल निसर्गचित्र' म्हणावं का? आणि त्यातल्या 'मूड'ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णधवल अजिबात नाही. कृष्ण म्हणजे काळा, धवल म्हणजे पांढरा. तपकिरी चित्रात काळा आला कुठून? पण रंगीबेरंगी नाही म्हटलं की हा शिक्का मारून लोक मोकळे होतात. 'एकवर्णी' सुचवणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. तो शब्द ऐकून चित्र नव्हे, वधूवरसूचक मंडळ आठवतं. सरळ 'एकरंगी' म्हणा.

खरी गंमत रंगाच्या नावात आहे. नळीवर 'सेपिया' लिहिलेलं असतं. ग्रीक भाषेत सेपिया म्हणजे आपल्या मासळीबाजारातलं माकूल, ज्याच्या अंगात पांढरी ठिसूळ ढाल असते ते. किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेस म्हणजे तीच ढाल. साफ करताना शाईची पिशवी फुटली की हात माखतात ना, तीच शाई वाळवून, कुटून चित्रकार वापरत. आजच्या नळीत बहुधा अंबर नावाची भाजलेली तपकिरी माती आणि काजळी असते. जुन्या 'सेपिया' फोटोंत तर माकुलाचा थेंबही नाही. तिथे फोटोतल्या चांदीचं तपकिरी सल्फाइड झालेलं असतं. तपकिरीवरून तपकिरी, राखेवरून राखाडी, मग माकुलावरून 'माकुली' का नको? कोशवाले नाक मुरडतील. वासाने मुरडतीलच.

हां, मूड. या चित्रापुरता शब्द तयारच आहे: मळभ. मल अधिक अभ्र, मळलेलं आभाळ. डोळे किलकिले करून चित्र बघा. कोरा कागद, मधली छटा आणि गडद, एवढे तीनच थर वेगळे उरले पाहिजेत, त्यातही गडद सर्वांत थोडा, एखाद्या होडीपुरता. क्षितिज खालच्या तिसऱ्या हिश्शावर असलं की आभाळ अंगावर येतं. मधोमध आलं की चित्राचे दोन तुकडे पडतात. जलरंग वाळता वाळता फिका पडत जातो. मग नवखा माणूस घाईने अर्धओल्यावरच दुसरा हात देतो आणि आभाळात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. त्याला मळभ म्हणायचं नाही. वाळूवर ओढलेल्या होडीखाली कडक काठाची सावली असेल, तर त्यालाही नाही. तिथे ऊन पडलंय.