नाक उचललेली पिकअप आणि फेटाळलेला विमा

नमस्कार.

जिंतूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात तुमची पिकअप शेताकडच्या पांदणीत फसायची. आठ महिन्यांपूर्वी गॅरेजवाल्याने पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी लोखंडी ठोकळे बसवून गाडीचं नाक मागच्या बाजूच्या उंचीला आणलं आणि २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ मापाचे चार टायर चढवले. पाच आठवड्यांपूर्वी सोयाबीनचे कट्टे घेऊन तुम्ही परभणीच्या मोंढ्याबाहेर रांगेत उभे होतात. मागून ट्रक धडकला, तुमची गाडी पुढे ढकलली गेली आणि पुढच्या मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. विमा कंपनीने 'अनधिकृत बदल' असं लिहून दुरुस्तीचा दावा फेटाळला. आरटीओचं चलान आलं, जखमीच्या वकिलाची नोटीस आली आणि पुढच्या महिन्यात फिटनेस संपतोय. तुम्ही विचारता, ठोकळे-टायर गुपचूप काढून 'बदल केलाच नव्हता' असं म्हणता येईल का?

नाही. तसं अजिबात करू नका. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरने काढलेले फोटो कंपनीकडे आहेत, चलानही आहे. एकदा खोटं पकडलं गेलं की तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि तुमची खरी गोष्ट तर भक्कम आहे. बदल केला हे पहिल्याच ओळीत कबूल करा. वाद बदल झाला की नाही याचा नाहीच. त्या बदलामुळे अपघात झाला का, एवढाच वाद आहे.

तरी बदल बेकायदा होता हेही स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेला आणि नोंदणीत असलेला तपशील बिघडेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ठोकळे हा एक बदल आणि टायर हा दुसरा, असं धरलं तर दंड १०,००० पर्यंत जातो. गाडी आधी मूळ स्थितीत आणा, तपासून घ्या आणि मग तडजोड शुल्क भरून ते प्रकरण मिटवा. मात्र पैसे भरल्याने जुने ठोकळे कायदेशीर होत नाहीत. ते तसेच ठेवले तर पुढच्या नाक्यावर पुन्हा चलान होईल.

आता टायरबद्दल, कारण सगळं इथूनच सुरू झालं. मी हिशोब केला. जुन्या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर होतो आणि नव्याचा ७३३. फरक ३० मिलिमीटरचा, पण चाकाचा मध्य वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे दीड सेंटिमीटर. चिखलात दीड सेंटिमीटरने किती फरक पडतो, हे तुम्हीच मला जास्त चांगलं सांगाल. उलट स्पीडोमीटर आता सुमारे चार टक्के कमी दाखवतो. काटा ८० वर असला तर गाडी ८३ ने पळत असते, आणि वेगनियंत्रकाचा हिशोबही त्याच प्रमाणात चुकतो. याहून गंभीर गोष्ट भाराची. टायरच्या बाजूला मापाच्या पुढे एक आकडा असतो. तो १०५ असेल तर तो टायर ९२५ किलो पेलतो, १०९ असेल तर १,०३० किलो. जीपसाठी बनलेला टायर मालवाहू पिकअपला लावला आणि त्याची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी निघाली, तर कंपनीच्या वकिलाच्या हातात खरं हत्यार येईल. जुने टायर अजून अंगणात पडले असतील तर चिखल पुसून त्यांचा आणि नव्या टायरांचा तो आकडा वहीत उतरवा आणि फोटो काढा.

ठोकळे काढतानाही घाई करू नका. आधी कंपनीला पत्र देऊन कळवा की गाडी मूळ स्थितीत आणतो आहे, आणखी पाहणी करायची असेल तर सात दिवसांत करा. मग फोटो घेऊन काढा. निघालेले भाग भंगारात विकू नका, पोत्यात बांधून घरात ठेवा. पुरावा आपणच नाहीसा केला, असा आरोप तुमच्यावर यायला नको.

विम्याच्या नकारपत्राची झेरॉक्स पाठवलीत. त्यात फक्त 'पॉलिसीच्या अटींचा भंग' एवढंच लिहिलंय. कोणत्या अटीचा, हे पत्रात कुठेच नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: कोणती अट, तिचा क्रमांक काय, आणि बदलामुळे ही धडक कशी झाली? सर्व्हेअरचा अहवालही मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सांगितलंय की नकारपत्रात न दिलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. म्हणून ते पत्र मूळ प्रतीत जपून ठेवा.

कारणाचा मुद्दा १९९६ पासून तुमच्या बाजूने आहे. बी. व्ही. नागराजू प्रकरणात मालवाहू गाडीत सहा जणांची मुभा असताना नऊ जण होते. न्यायालयाने विचारलं की या जास्तीच्या माणसांमुळे अपघात झाला का? नसेल झाला, तर तो भंग दावा बुडवण्याइतका मोठा नाही. तुमची गाडी तर रांगेत उभी होती. उभ्या गाडीचे टायर २१५ चे असोत की २३५ चे, मागून येणाऱ्या ट्रकला त्याचं काय? २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणानंतर भंग मान्य केला तरी दावा सरसकट फेटाळण्याऐवजी देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यायला सांगण्याचा मार्ग ग्राहक आयोगांना माहीत आहे. मी पूर्ण रक्कम मागेन, पण ७५ टक्के मिळाले तरी ते हरणं नाही, हे मनाशी धरून चला.

पोलिसांनी अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षकाकडून गाडी तपासून घेतली असेलच. त्या अहवालात ब्रेक आणि स्टेअरिंगबद्दल काय लिहिलंय ते पाहा. 'ब्रेक कार्यक्षम' एवढे दोन शब्द माझ्या दहा पानी युक्तिवादापेक्षा जास्त कामाचे. घटनास्थळ पंचनामा आणि फिर्यादीची नक्कल त्याच्या जोडीला लावा.

तुम्ही पॉलिसीची तारीख लिहिली नाही, आणि मला तीच सगळ्यात आधी हवी. बदलानंतर पॉलिसीचं नूतनीकरण झालं असेल तर कंपनी म्हणेल, तुम्ही माहिती लपवली. पॉलिसी आधीची असेल तर हा मुद्दा बराच हलका होतो.

एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. दुसरा रस्ता परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षं. तुम्ही हप्त्यांवर घेतलेल्या एका गाडीवर पोट भरता, त्यामुळे 'धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही' या बचावाला घाबरू नका. दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाहीत.

याशिवाय एक दार आहे जे तुम्ही ठोठावलंच नाही. चूक ट्रकची. तुमच्या गाडीच्या नुकसानीसाठी ट्रकमालक आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नेहमीच्या पॉलिसीत तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, त्यातले पाच आठवडे गेलेच आहेत. एकाच दुरुस्तीचे पैसे दोन्हीकडून मिळणार नाहीत, पण दोन्ही मार्ग उघडे ठेवायला हरकत नाही.

मोटारसायकलवाल्याची नोटीस बाजूला टाकू नका. त्याचा पाय मोडलाय, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. ती ट्रकच्या विम्यातून मिळावी हे तुमचं म्हणणं. नोटिशीला उत्तर द्या, पुढे समन्स आलं तर हजर राहून लेखी जबाब द्या. तुमच्या कंपनीने तिथेही हात वर केले तर लक्षात ठेवा, तिऱ्हाइताच्या दाव्यात कंपनीला कोणते बचाव घेता येतात ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिलेत. मोठे टायर त्या यादीत नाहीत.

गॅरेजवाल्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या पावतीवर 'लिफ्टिंग, टायर ४ नग' आणि रक्कम, एवढंच पेनने खरडलंय. 'पासिंगला अडचण नाही' हे तो तोंडी बोलला. साक्षीदार असेल तर नोटीस देऊ, पण तुमची ताकद विम्याच्या लढाईत लावा.

फिटनेस संपायच्या आत मूळ मापाचे टायर बसवून तपासणी करून घ्या. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका.

आणि त्या पांदणीचं बघू या. ती सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत घेण्यासाठी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करा. कुणी बांध कोरून रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली जिंतूरच्या तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावनकाशाची नक्कल काढलीत तर अर्ज मी लिहून देतो, त्याचे पैसे लागणार नाहीत.